ताकातला पालक खा, दूध तोडू नकोस

चि. सलील,
अनेक आशीर्वाद.

मुतखड्याचा रिपोर्ट पाहिला. कॅल्शियम ऑक्झलेट, बहुतेकांचा तोच असतो. पण नावात कॅल्शियम आहे म्हणून तू दूध-दही बंद केलंस, हे उलटंच झालं.

ऑक्झलेट म्हणजे पालकासारख्या भाज्यांतून पोटात जाणारा एक घटक. तो फोडणारं एन्झाइम माणसाच्या शरीरात नसतं. त्याला आतड्यात अडवायचं काम मुख्यतः दोघं करतात. एक कॅल्शियम: ते ऑक्झलेटला धरतं, न विरघळणारा क्षार होतो आणि शौचावाटे निघून जातो. दुसरे मोठ्या आतड्यातले जीवाणू. त्यांतला ऑक्झॅलोबॅक्टर फॉर्मिजेनिस तर ऑक्झलेटवरच जगतो. तो सगळ्यांकडे नसतो, आणि असला तरी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिनपुढे टिकत नाही. म्हणून सर्दीला केमिस्टकडून परस्पर अँटिबायोटिक आणू नकोस. डॉक्टरांनी लिहून दिलं तर कोर्स पुरा करायचा, तो प्रश्न वेगळा. प्रोबायोटिकच्या कॅप्सूलमध्ये सहसा हा जीवाणू नसतो, लॅक्टोबॅसिलसची भावंडं असतात. खड्यासाठी त्यावर पैसे घालवू नकोस.

सकाळची पालक स्मूदी आजपासून बंद. १०० ग्रॅम कच्च्या पालकात सहसा ५०० मिलिग्रॅमच्या वर ऑक्झलेट असतं. खावासा वाटलाच तर भरपूर पाण्यात उकळ, पाणी ओतून दे आणि ताकातला कर. ताकातलं कॅल्शियम तिथेच कामाला लागतं. अळूचंही तेच. घसा खवखवतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे. चिंचेने खाज मरते, ऑक्झलेट नाही.

दही जेवतानाच घे. रात्री झोपताना प्यायलेलं दूध दुपारच्या भाजीला कुठे गाठणार? दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम धर. २५० मिलि दुधात ३००च्या आसपास मिळतं. मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे लोणचं-पापड आलंच त्यात. सोडियम वाढलं की लघवीत कॅल्शियम जास्त उतरतं. व्हिटॅमिन सीच्या गोळ्याही नकोत, शरीरात त्यांचं ऑक्झलेट होतं. टोमॅटो मात्र खुशाल खा, बिचारा उगाच बदनाम आहे.

लघवी दिवसाला अडीच लिटर व्हायला हवी. एका रविवारी मोजून बघ: सकाळची पहिली सोडायची, नंतरची सगळी मापाच्या भांड्यात, सोमवारची पहिली धरून. कमी भरली तर तेवढं पाणी वाढव.

आणि कळ येऊन सोबत थंडी-ताप आला तर सकाळची वाट बघू नकोस, रात्रीच हॉस्पिटल गाठ.

तुझी
आई