ट्राउटचा मोसम धरणाच्या विसर्गावर

मा. संपादक,

अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्यांसाठी रविवारच्या पुरवणीत ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाच्या मासेमारीवर लेख आला होता. छायाचित्रे सुरेख होती. पण ‘एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळून नद्या गढूळ होतात, तेव्हा जूननंतरच जावे आणि गळ चांगला मोठा लावावा’ हा सल्ला डोंगरातून मोकळ्या वाहत येणाऱ्या नद्यांचा आहे. लेखात जिचे नाव होते ती न्यू मेक्सिकोतली सान हुआन नदी नवाहो धरणाखाली वाहते. तिथे हे दोन्ही सल्ले उलटे पडतात.

१९६२ साली पूर्ण झालेले हे मातीचे धरण. बर्फाचे पाणी जलाशयात येते, गाळ तिथेच बसतो आणि विसर्ग खोल थरातून होतो. हिवाळ्यात गार झालेले जड पाणी तळाशी पडून राहते. वर ऊन कितीही तापले तरी उन्हाळाभर ते वरच्या पाण्यात मिसळत नाही. म्हणून पायथ्याला बाराही महिने साधारण ६ ते ८ अंश सेल्सिअसचे पाणी असते आणि वसंतात ते बहुधा नितळ असते. गढूळपणाची वेळ वेगळीच. कडाक्याच्या थंडीत जलाशयाचे वरचे-खालचे पाणी घुसळले जाते, तेव्हा नदी काही आठवडे मळकट दिसते, क्वचित मार्च उजाडेपर्यंत. एरवी एखादी जोरदार सर आली की सायमन कॅन्यनसारख्या बाजूच्या ओढ्यातून चिखल उतरतो. अशा वेळी ओढ्याच्या तोंडाच्या वर, धरणाच्या बाजूला सरकायचे, एवढेच.

तेव्हा निघण्याआधी महिना नव्हे, विसर्गाचा आकडा पाहावा. तो अमेरिकेचे ब्युरो ऑफ रेक्लमेशन हे खाते जाहीर करते. कोयनेच्या ‘पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक’ अशा बातम्या आपण पावसाळ्यात वाचतो, तेच हे एकक. सान हुआनमध्ये एरवी काही शे क्युसेक पाणी असते. पाचशेच्या आसपास असेल तर माहितगाराबरोबर बऱ्याच ठिकाणी नदी पायी ओलांडता येते. हजाराच्या पुढे गेले की काठ सोडू नये. जलाशयात साठा पुरेसा असेल त्या वर्षी वसंतात काही दिवस हाच आकडा ५००० पर्यंत नेतात. तेव्हा पायी उतरण्याचा विचारच नको. गंमत अशी की हा मोठा विसर्ग ट्राउटसाठी नसतोच. कोलोरॅडो पाइकमिनो आणि रेझरबॅक सकर हे इथले मूळचे, आता दुर्मीळ झालेले मासे नदीच्या खालच्या टप्प्यात आहेत. त्यांना अंडी घालायला लागणाऱ्या गोट्यांमधला गाळ धुऊन निघावा म्हणून हा कृत्रिम पूर. ट्राउट धरणामुळे आलेला पाहुणा, त्याच्या शौकिनांनी त्यावर कुरकुर करू नये.

आता गळ. या थंडगार पाण्यात माशांचे मुख्य खाणे म्हणजे मिज, चिलटासारखा दिसणारा पण न चावणारा कीटक. त्याची अळी आणि कोष मिळून माशाच्या पोटात रोज शेकड्यांनी जातात. म्हणून फ्लाय, म्हणजे गळावर दोरा-पिसे गुंडाळून केलेला खोटा कीटक, २२ ते २६ नंबरचा लागतो. नंबर मोठा तेवढा गळ लहान. २२ नंबरचा गळ आंबेमोहोराच्या दाण्यापेक्षा मोठा नसतो. मोठा गळ इथे मासे बघतात आणि बाजूने निघून जातात. अपवाद ‘सान हुआन वर्म’ या लाल दोऱ्याच्या गांडुळाचा: विसर्ग वाढवला की तळातली खरी गांडुळे सुटून वाहू लागतात, तेव्हा तो १४-१६ नंबरचा असला तरी मासे घेतात.

जोडणी अशी करावी. नऊ फुटांची, पाच नंबरच्या वजनाचा दोर पेलणारी काठी, दोराच्या टोकाला नऊ फुटांचा लीडर, म्हणजे निमुळता होत जाणारा पारदर्शक धागा, त्यापुढे दीड फूट ६ एक्सचा फ्लुरोकार्बन धागा. ११ मधून एक्सचा आकडा वजा केला की इंचाच्या हजारांशात जाडी मिळते. म्हणजे हा ०.००५ इंचाचा, साधारण ०.१३ मिलिमीटरचा. पहिला फ्लाय जरा मोठा, त्याच्या गळाच्या वळणाला धागा बांधून पंधरा इंचांवर दुसरा, मिजच्या कोषासारखा. दोनाहून जास्त फ्लाय लावायचे नाहीत, तसा नियम आहे. पहिल्या फ्लायच्या आठ इंच वर वजनाची बारीक गोळी, आणि पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर इंडिकेटर, म्हणजे मासा लागल्याची खूण देणारा तरंगता गोळा. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करावी. कोरडी ओढली तर घर्षणाने धागा तापतो आणि नेमका तिथेच तुटतो.

नवख्यांचे मासे हुकतात ते बहुतेक ओढीमुळे. दोर मधल्या जोरदार धारेवर पडतो, फ्लाय काठच्या संथ पाण्यात असतो. दोर पुढे पळतो आणि फ्लायला फरफटत नेतो. खरा कोष पाण्याच्या वेगानेच वाहतो, हे माशाला पक्के ठाऊक असते. इंडिकेटरमागे पाण्याची रेघ उमटली की ओढ लागली असे समजावे. उपाय सोपा: दोर पडताच काठीचे टोक उचलून दोराचा मधला बाक प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकावा, इंडिकेटर न हलवता. पाच-सहा फेकींत गोळी एकदाही तळाला घासली नाही तर वजन वाढवावे. दर वेळी शेवाळ घेऊन येत असेल तर कमी करावे. इंडिकेटर अडखळला की काठी बाजूला हलकेच उचलायची. कोकणात खाडीवर गरवणारे देतात तसा हिसका ६ एक्स सोसत नाही.

मार्चअखेरपासून मेपर्यंत दुपारच्या सुमारास बेटिस नावाचे छोटे राखाडी मेफ्लाय पाण्यावर येतात. त्यांच्यासाठी ढगाळ, गार दिवस उत्तम: पंख वाळायला वेळ लागतो, कीटक जास्त वेळ पाण्यावर तरंगत राहतात आणि मासे वर येतात. लख्ख उन्हात ते पटकन उडून जातात. शिवाय वसंतात दुपारनंतर वारा असा सुटतो की हलका दोर जागेवर पडतच नाही. सकाळचे तास वाया घालवू नयेत.

लेखात पायाने तळ ढवळून मासे जमवण्याची ‘युक्ती’ कौतुकाने दिली होती. तिला तिथे सान हुआन शफल म्हणतात आणि ती बेकायदा आहे. अळ्यांचे घर उद्ध्वस्त होते ते वेगळेच. वसंतात रेनबो ट्राउट अंडी घालतात; तळाच्या काळपट गोट्यांत ताटाएवढा किंवा परातीएवढा स्वच्छ, फिकट खडीचा गोल दिसला तर त्यावर पाय देऊ नये, तिथल्या माशावर गळही टाकू नये. धरणालगतच्या साधारण ६ किलोमीटरमध्ये गळाला उलटा काटा चालत नाही आणि प्रत्येक मासा परत सोडावा लागतो. हात ओले करून, मासा जाळ्यासकट पाण्यातच ठेवून गळ काढावा; कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. परवाना माणशी असतो. मुलाच्या परवान्यावर वडिलांनी काठी धरणे चालत नाही.

शेवटी, लेखातल्या ‘कोयनेतही ट्राउट सोडावा’ या सूचनेबद्दल. पाणी २० अंशांच्या वर गेले की ट्राउटचे हाल सुरू होतात. सह्याद्रीतला जलाशय भर थंडीतही सान हुआनच्या जवळपास गार होत नाही, मग तळात साठणार काय? त्यातून उन्हाळ्यात खोल थरात प्राणवायूची चणचण. आपल्या नद्यांचा मासा महसीर. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरने त्याची पैदास कित्येक वर्षे केली आहे. पुरवणीचे पुढचे पान त्याला द्यावे.

आपला,
एक वाचक, आल्बुकर्की