रत्नागिरीचे ११२२ आणि बीडचे ८०७

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे आकडे २०२१ मध्ये जाहीर झाले, तेव्हा देशात हजार पुरुषांमागे १०२० स्त्रिया असल्याचे मथळे झळकले, आणि आजही महिला दिनाच्या भाषणांत तोच आकडा मुली वाचल्याचा पुरावा म्हणून ऐकवला जातो. त्याच सर्वेक्षणात, आधीच्या पाच वर्षांत जन्मलेल्या हजार मुलग्यांमागे मुली मात्र ९२९ आहेत. महाराष्ट्रात तर हे प्रमाण चौथ्या फेरीतील ९२४ वरून ९१३ वर घसरले. हे आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, पण आपण सगळ्यांना सरसकट 'लिंग गुणोत्तर' म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो.

मी चिपळूणचा. २०११ च्या जनगणनेत आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, राज्यात सर्वाधिक. याचे श्रेय कोकणी माणसाच्या सुधारलेपणाला देणारी भाषणे मी ऐकली आहेत आणि ऐकताना मला बरेही वाटले आहे. पण आमचे बरेचसे पुरुष कुठे मोजले गेले, याचा अंदाज मुंबई शहर जिल्ह्याच्या ८३२ या आकड्यावरून येतो. जनगणना फेब्रुवारीऐवजी गणपतीत, चाकरमानी गावी आलेले असताना झाली असती, तर हा अभिमान थोडा ओसरला असता. कुटुंब सर्वेक्षणातही आदल्या रात्री घरात मुक्कामाला असलेल्यांचीच गणती या गुणोत्तरासाठी धरली जाते. वसतिगृहे, बराकी आणि मजुरांच्या छावण्यांतले पुरुष त्यातून सुटतात.

निसर्गतः शंभर मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्माला येतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली. मुलगे अर्भकावस्थेत अधिक दगावतात आणि स्त्रियांचे आयुर्मान जास्त असते, त्यामुळे वय वाढेल तशी ही तफावत भरून निघते आणि उतारवयात स्त्रियाच अधिक उरतात. म्हणूनच एकूण लोकसंख्येचा आकडा फसवा ठरतो: आज्यांची संख्या वाढली की न जन्मलेल्या नाती त्यात झाकून जातात. महाराष्ट्रात २००१ ते २०११ या दशकात एकूण प्रमाण ९२२ वरून ९२९ वर गेले, आणि त्याच दहा वर्षांत शून्य ते सहा वयोगटातील प्रमाण ९१३ वरून ८९४ वर आले. १९९१ मध्ये ते ९४६ होते, म्हणजे निसर्गाच्या जवळपास. गर्भलिंगनिदानावर निर्बंध आणणारा कायदा देशात सर्वप्रथम आपल्याच राज्याने १९८८ मध्ये केला होता, हे इथे आठवल्यावाचून राहत नाही. बीड जिल्ह्यात २०११ मध्ये एकूण प्रमाण ९१६ आणि लहान मुलांतील प्रमाण ८०७ होते. यातला पहिला आकडाच छापला, तर वाचकाला काहीच विशेष घडलेले दिसणार नाही.

उलट बाजूची चूकही सांगितली पाहिजे. एखाद्या गावात वर्षभरात वीस बाळे जन्मली आणि त्यांत नऊ मुली असल्या, तर प्रमाण ८१८ येते. पुढच्या वर्षी अकरा मुली झाल्या की ते १२२२ होते. गावात काहीही बदललेले नसते, तरी पहिल्या वर्षी ग्रामसेवकाला जाब विचारला जातो आणि दुसऱ्या वर्षी सरपंचांचा सत्कार होतो. गणिताच्या शिक्षकाने हसावे की रडावे, असा हा प्रकार आहे. गावपातळीवर निदान पाच-सात वर्षांचे जन्म एकत्र धरल्याशिवाय प्रमाण काढूच नये.

२०२१ ची जनगणना झाली नाही. आता ती २०२७ मध्ये व्हायची आहे. तिचे आकडे येतील तेव्हा आपल्या वृत्तपत्राने एकूण लोकसंख्येतील, शून्य ते सहा वयोगटातील आणि जन्माच्या वेळचे, अशी तिन्ही प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यासाठी शेजारी शेजारी छापावीत आणि जन्माच्या आकड्याची तुलना हजाराशी न करता ९५० शी करावी, एवढी विनंती. रत्नागिरीच्या आकड्यासोबत गावाबाहेर कामाला गेलेल्या पुरुषांचा उल्लेखही अवश्य असावा.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, चिपळूण