धाकट्याच्या एमआरआयविषयी

म्हापसा

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

नशेपायी धाकट्याच्या मेंदूच्या तारा तुटल्यात, आता तो काही माणसात येत नाही, असं तुझे मामा म्हणतात. आणि खात्री करायला त्याला एमआरआयसाठी इकडे आणायचं घाटतंय. मी रोज तेच मशीन चालवतो. नको आणूस.

आमच्या एमआरआयत गाठ दिसेल, रक्तस्राव दिसेल. तलफ दिसत नाही. मामांनी वाचलं ते फंक्शनल एमआरआयचं संशोधन. त्यात माणसाला नुसतं पडून राहायला सांगतात आणि रक्तातल्या ऑक्सिजनमुळे सिग्नल कसा वरखाली होतो ते मोजतात. दोन भागांचे चढउतार जुळले की ते ‘जोडलेले’ म्हणायचे. हा सगळा हिशेबाचा मामला, तार कुठेच नाही. त्यात डोकं एखाद-दोन मिलिमीटर हललं तरी आकडे बिघडतात. नशा उतरताना ज्याचे पाय एका जागी ठरत नाहीत, त्याला म्हणावं स्वस्थ पड!

फरक आढळतो, हे मात्र खरं. 2010 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात वेदनाशामक ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीच्या, गोळ्यांचं व्यसन जडलेले 10 जण आणि तितकेच निरोगी लोक तपासले. अमिग्डाला, इन्सुला, न्यूक्लियस अक्युम्बन्स, म्हणजे भीती, शरीराची जाणीव आणि हवंहवंसं वाटणं यांच्याशी संबंध असलेले भाग. त्यांची जोडणी व्यसनी गटात कमी भरली. गोळ्या जितकी जास्त वर्षं, तितका फरक मोठा. पण ही गटाची सरासरी. त्यावरून एकट्या धाकट्याचं भविष्य कुणी सांगू लागला तर तो ज्योतिषी. शिवाय फरक गोळ्यांनी झाला की आधीपासूनच थोडा होता, हे एकदाच काढलेल्या स्कॅनवरून कळत नाही.

आणि माणसात येण्याचं म्हणशील, तर व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेले अमेरिकी सैनिक घरी परतले, तेव्हा त्यांतले बहुतेक पुन्हा त्यात अडकले नाहीत. जागा बदलली, सोबत बदलली. म्हणून धाकट्याला चवथीला काकांकडे पाठवायचा तुझा बेत मला पटतो.

खरी काळजी वेगळीच आहे. तलफ आवरायला डॉक्टरांनी दिलेली, जिभेखाली ठेवायची ती ब्युप्रेनॉर्फिनची गोळी ‘एक व्यसन सोडून दुसरं’ म्हणून काकू बंद करायला निघाल्यात, असं लिहिलंस. त्यांना आवर. ती कमी करायची तर डॉक्टरच करतील. मध्येच सुटली आणि त्याने पुन्हा जुन्या मापाने नशा केली, तर शरीराची सवय मोडलेली असते, श्वास थांबतो. ओठ निळे दिसले, हाकेला ओ देईना, तर तोंडावर पाणी मारत बसू नका, 108 लावा.

रविवारी फोंड्याला येतोय. काकूंशी मीच बोलतो, मामांनाही बोलावून ठेव.

तुझा,
विनय