कानशिलावरची नस

ठाणे, रविवार रात्र

मन्या,

तुझा मेसेज परवाच वाचला, पण फोनवर उरकण्यासारखं नाहीये म्हणून लिहायला बसलो. चिऊचं मेंदूचं बायपास झालं तर काकांचंपण करून घेऊ का, असं विचारलंस ना, तर आधी ताईच्या चिऊचं ऐक.

तिला मोयामोया आहे. मेंदूत शिरणाऱ्या मोठ्या नसा हळूहळू बारीक होत जातात, मग मेंदू आपला आपणच केसासारख्या नसांचं जाळं विणतो, अँजिओग्राफीत ते धुरासारखं दिसतं म्हणून जपानी डॉक्टरांनी तसं नाव ठेवलं. वाढदिवसाला फुगे फुगवताना तिचा उजवा हात लुळा पडला, दहा मिनिटांत परत ठीक. खूप रडली की तेच. एक डॉक्टर म्हणाले अभ्यासाचे बहाणे आहेत, आणि आम्ही पोरीला ओरडलो रे, ते अजून सलतं मला. जोरजोरात श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, नसा आकसतात, आणि तिथे आधीच रक्त तोकडं, हे एमआरआयनंतर कळलं.

आता बायपास कसं करतात ते. कानाच्या पुढे बोट ठेव, ठोका लागतो ना, तीच नस वापरतात. ती कातडीखालून सोडवतात, कवटीला खिडकी पाडतात आणि मायक्रोस्कोपखाली मेंदूवरच्या नसेला जोडतात, दोन्ही जेमतेम एक मिलिमीटरच्या, धागा केसाहून बारीक. लहान मुलांत बऱ्याचदा जोडतही नाहीत, नस वाहती ठेवून मेंदूवर नुसती अंथरतात, मग काही महिन्यांत तिच्यातून नव्या फांद्या फुटतात. चिऊचं दोन्ही केलं. नंतर ताईला एकच बजावलं होतं, पाणी कमी पडू देऊ नका आणि रडू देऊ नका. नऊ वर्षांच्या पोरीला रडू द्यायचं नाही, विचार कर! गेल्या आठवड्यात तलावपाळीला कुल्फीवरून भोकाड पसरलं तिने, हाताला काही झालं नाही, ताई मात्र तिथेच बाकावर बसून रडली.

आता काका. त्यांची गळ्यातली नस चरबी साचून पूर्ण बंद झालीय, हा आजारच वेगळा. हे ऑपरेशन 1967 मध्ये झुरिकला यासरगिल यांनी पहिल्यांदा केलं तेव्हा अशा पेशंटसाठीच मोठी आशा होती. पण 1985 मध्ये 1377 पेशंटचा अभ्यास आला, नुसत्या औषधांपेक्षा फायदा नाही. 2011 मध्ये अमेरिका-कॅनडात मेंदूचा रक्तपुरवठा खरंच कमी असलेले लोक निवडून परत बघितलं, तर पहिल्या महिन्यातच ऑपरेशनवाल्यांत शंभरात 14 जणांना स्ट्रोक, औषधवाल्यांत 2, आणि दोन वर्षांनी दोघांचा हिशोब जवळपास सारखाच. अभ्यास मध्येच थांबवला.

म्हणून घाई नको रे. रक्त पातळ करायची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, बीपी, शुगर, आणि ती तंबाखूची पुडी काकूंच्या ताब्यात दे. तरीही परत परत स्ट्रोकचे झटके आले तर गोष्ट वेगळी, मग मेंदूत रक्त किती पोचतंय ते तपासून न्यूरोसर्जनशी बोलायचं. शनिवारी नेरूळहून सगळे रिपोर्ट आणि अँजिओची सीडी घेऊन ये, नुसता कागद नको. चिऊच्या सर्जनची वेळ घेऊन ठेवतो, मी येतो बरोबर.

तुझा,
सुध्या