वरताव्याची चिमणी

चि. छकुलीस,

प्रभूमध्ये सलाम आणि आशीर्वाद.

नाताळच्या पंगतीत तू मटणाची वाटी बाजूला सारलीस तेव्हा आत्या म्हणाली, "काय गं, बामणीण झालीस का काय?" सगळे हसले. मीही हसलो. तू मान खाली घालून उसळ-भाकरी खाल्लीस आणि पाणी प्यायच्या निमित्ताने उठून गेलीस. ते माझं हसणं दोन आठवडे मला टोचतंय. फोनवर बोलायला जावं तर तुझी आई मधेच फोन घेते, म्हणून लिहितो.

तू मटण का सोडलंस ते मला ठाऊक आहे. मागच्या नाताळला आणलेला बोकड दोन दिवस दारातल्या लिंबाला बांधला होता. तू त्याला पाला घालायचीस. त्याने तुझ्या ओढणीचं टोक चघळलं होतं. तो कापला त्या दिवशी ती ओढणी धुऊन दोरीवर वाळत होती आणि चघळलेलं टोक तसंच चुरगळलेलं होतं. मी ते पाहिलं आणि पाहिलं नाहीसं केलं.

पण आत्याचं ऐकून घे. आपले पणजोबा गावकुसाबाहेर राहिले. मेलेलं ढोर ओढायचं काम त्यांच्या वाट्याला, आणि दुष्काळात त्याच्याच मांसाच्या वाळवलेल्या चान्या पोटाला. आजी हे सांगायची तेव्हा तिच्या आवाजात लाज नसायची, राग असायचा. पुढे मिशनच्या शाळेमुळे आपल्या घरात अक्षर आलं, तरी आत्याला वर्गात डब्यावरून वेगळं बसवलंच. 'काय खातेस' या प्रश्नाच्या आड 'कोण आहेस' हा प्रश्न असतो, हे ती तेव्हा शिकली. तुला पुण्यात खोली बघताना आडनाव आधी विचारलं होतं ना? तोच प्रश्न. त्यामुळे तू वाटी सारलीस की तिला वाटतं, पोर त्या पलीकडच्या पंगतीत जाऊन बसली.

म्हणून एकच मागणं. मांस सोड, पण हॉटेलच्या पाटीवरचा तो 'शुद्ध' शब्द घरात आणू नकोस. तोंडात जातं ते माणसाला विटाळवत नाही, तोंडातून निघतं ते विटाळवतं, असं येशूने म्हटलं आहे (मत्तय १५). तू बोकडाची दया येऊन सोडलंस. विटाळाच्या भीतीने सोडलं असतंस तर मीच तुझ्या ताटात वाढलं असतं.

पाळकसाहेब विचारतात, मांस खाऊ नका असं पवित्र शास्त्रात कुठे आहे? कुठेच नाही. पुनरुत्थानानंतर प्रभूने शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला, हे लूकने लिहून ठेवलंय. ते लपवून वाद घालू नकोस, हरशील. पण उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव माणसाला बी देणाऱ्या वनस्पती आणि फळं अन्न म्हणून देतो. मांसाची मोकळीक जलप्रलयानंतर, नवव्या अध्यायात, तीही रक्त वगळून. मला तरी ती मोकळीक वाटते, मूळ बेत वाटत नाही. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकात मळणीच्या बैलाला मुसकं बांधू नकोस अशी आज्ञा आहे. माझे वडील खळ्यावर मुसकं बांधत नसत. कुणी टोकलं तर म्हणत, "खाऊ दे दोन घास, घाम त्याचाच आहे."

आणि चिमण्या. मत्तयात दमडीला दोन चिमण्या आहेत. लूकमध्ये दोन दमड्यांना पाच. हिशेब कर. चार व्हायला हव्यात, पाचवी वरताव्याची. भाजीवाली कोथिंबिरीच्या दोन काड्या वर टाकते तशी. जिला बाजारात किंमतच नाही तिचाही देवाला विसर पडत नाही, असं प्रभू म्हणतो. संडेस्कूलमध्ये मी वीस वर्षं हा धडा शिकवला आणि 'तुम्ही त्या चिमण्यांपेक्षा मोलवान आहात' या ओळीवर घाईने पोचत राहिलो. पाचव्या चिमणीपाशी कधी थांबलोच नाही.

हे नवीन फॅड आहे असं कुणी म्हटलं तर सांग, इंग्लंडात सॅलफर्डला विल्यम काउहर्ड नावाच्या पाळकाने १८०९ मध्येच आपल्या मंडळीला मांस सोडायला लावलं होतं. आपल्याकडे पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडातच, वाँटेजला झाला, पण तिथल्या थंडीतही त्यांनी शाकाहार सोडला नाही. अर्थात त्यांच्याकडे तो माहेरून आला होता, तुझ्याकडे बोकडाकडून. तुझ्या पुण्यातच औंधच्या स्पायसर विद्यापीठात ॲडव्हेंटिस्ट पंथाचे ख्रिस्ती लोक शाकाहार पाळतात. त्यांचा भर तब्येतीवर जास्त, असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र मला सुटत नाही. आपली जर्सी व्याली आणि गोऱ्हा झाला की घरात सगळ्यांचे चेहरे पडायचे. गोऱ्हा दूध देत नाही, शेतात ट्रॅक्टर, पोसायचा कशाला? व्यापारी यायचा, टेम्पोत घालून न्यायचा. कुठे, ते मी विचारलं नाही. गाय दोन रात्री हंबरायची. तेव्हा तुझ्या पनीरचं काय? तुला कोंडीत पकडायचं म्हणून विचारत नाही. डेअरीच्या पैशांवर तुझी फी भरली, म्हणून विचारतोय.

मी स्वतः अजून सोडलेलं नाही. मागच्या रविवारी खाल्लं, आणि चवीने खाल्लं. रोमकरांस पत्रात पौल म्हणतो, खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. पंगतीत त्यातलं पहिलं अर्धं मोडलं गेलं आणि मी त्यात सामील होतो. त्याबद्दल माफ कर.

शनिवारी येशील तेव्हा आत्याही येणार आहे. काल तिचा फोन आला होता. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग हळूच म्हणाली, "छकुलीला मासवडी चालंल ना रे? नावात मासा हाय म्हणून इचारते." मी म्हटलं, बेसनाचा मासा आहे, चालेल. तीळ आणि खोबरं ती आणणार आहे. तू येताना खसखस तेवढी आण, इथे फार महाग लावतात.

तुझे,
पप्पा