घरच्या डिस्क कॉम्प्युटरवर घेणारा पायरसीवाला कसा?

मा. संपादक,
स. न.

मागे तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की सिनेमाच्या सीडी-डीव्हीडी कॉम्प्युटरवर कॉपी करणारे सगळे पायरसीवाले, धरा आणि आत टाका. ते वाचून आमच्या गल्लीत बऱ्याच लोकांचा जीव टांगणीला लागला, शेजारचे एक आप्पा तर मला विचारायला लागले, "हाई चोरी शे का भो?" आणि त्यांच्याकडे बघितलं तर कपाटभर ओरिजिनल डिस्का, एकूण एक पैसे मोजून आणलेल्या. म्हणून हे लिहितोय, जरा लांबलं तर चालवून घ्या.

पायरसी म्हणजे टॉकीजमध्ये मोबाइल लावून पिक्चर शूट करणं, डिस्कच्या शंभर कॉप्या काढून बाजारात विकणं, टेलिग्रामवर टाकणं. त्याला शिक्षा आहे आणि असलीच पाहिजे. कॉपीराइट कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे, आणि २०२३ ला सिनेमॅटोग्राफ कायदा बदलला तेव्हापासून टॉकीजमधल्या रेकॉर्डिंगला दंड तीन लाखांपासून सुरू होतो. पण मी दुकानातून विकत आणलेली डिस्क माझ्याच घरी माझ्याच लॅपटॉपवर घेतली आणि रात्री जेवल्यावर बायको-पोरांसोबत बघितली, तर यात कोणाचं काय गेलं? निर्मात्याचे पैसे त्याला तेव्हाच मिळालेत ना.

आणि हे माझ्या मनचं नाही. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याच्या कलम ५२ मध्ये कशाकशाला उल्लंघन म्हणायचं नाही ते दिलंय, आणि त्यात अगदी पहिलंच आहे खाजगी वापरासाठी केलेला रास्त व्यवहार. पूर्वी ही सवलत पुस्तकं, नाटकं, संगीत, चित्रं यांनाच होती, सिनेमा त्यात नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीत ते "कोणतीही कृती" (कृती म्हणजे इथे पुस्तक, गाणं, सिनेमा अशी रचना) असं करून टाकलं, फक्त कॉम्प्युटर प्रोग्राम सोडून. आणि खाली स्पष्टीकरणही जोडलं की अशा कामासाठी कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवली तर ते उल्लंघन नाही. आता रास्त म्हणजे किती रास्त याची मोजपट्टी कायद्यात नाही, ते कोर्ट प्रकरण बघून ठरवतं, त्यामुळे कोणी शंभर टक्के हमी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण घरच्या कपाटातली डिस्क घरच्याच हार्डडिस्कवर, यापेक्षा खाजगी वापर अजून कोणता असतो ते त्या पत्रवाल्या भाऊंनी सांगावं.

दुसरा मुद्दा लॉकचा. डीव्हीडी कॉपी होऊ नये म्हणून तिच्यावर सीएसएस नावाचं डिजिटल कुलूप असतं, ते १९९९ मध्येच फुटलं, नॉर्वेच्या पंधरा वर्षांच्या पोराचं नाव त्यात आलं, त्याच्यावर खटला भरला आणि २००३ मध्ये तो निर्दोष सुटला, कारण स्वतःची विकत घेतलेली डिस्क त्याने उघडली होती. अमेरिकेत मात्र १९९८ च्या कायद्याने कुलूप तोडायलाच बंदी आहे, डिस्क तुमची असली तरी. इंग्लंडने २०१४ मध्ये घरगुती कॉपीला परवानगी दिली आणि पुढच्याच वर्षी हायकोर्टाने ती रद्द केली. लोक यूट्यूबवर तिकडचे व्हिडिओ बघतात आणि तिकडचा कायदा इकडे लावून मोकळे होतात! आपल्याकडच्या कलम ६५ए मध्ये कुलूप तोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे खरी, पण ती उल्लंघनाच्या इराद्याने तोडलं तर, आणि कायद्याने मना नसलेल्या कामासाठी तोडलं तर अडवायचं नाही असंही त्याच कलमात लिहिलंय. त्यातच एक गंमत आहे, दुसऱ्याला कुलूप तोडून देणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता, कशासाठी पाहिजे ही सगळी नोंद ठेवायची. म्हणजे जे दुकानदार "डिस्क आणा, पेनड्राइव्हमध्ये भरून देतो" असं करून राहिले त्यांच्याकडे रजिस्टर पाहिजे. मी तरी असं रजिस्टर अजून कोणाकडे बघितलं नाही. आणि तोच दुकानदार तुमच्या डिस्कची एक कॉपी स्वतःसाठी ठेवून पुढच्या गिऱ्हाइकाला विकत असेल तर तिथून खरी पायरसी सुरू होते, म्हणून माझं म्हणणं हे काम घरीच करा.

घाई का, तर आपलं ऊन. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि आपण डिस्का ठेवतो कुठे, तर पत्र्याच्या खोलीत नाहीतर माळ्यावर. लोक चकचकीत बाजूच्या ओरखड्यांना घाबरतात, पण सीडी-व्हीसीडीचा चमकणारा थर असतो लेबलच्या लगेच खाली, वर फक्त वार्निशसारखा पातळ थर, त्यामुळे लेबलकडून ओरखडा गेला किंवा चिकटवलेला कागद ओढला की संपलं. डीव्हीडीत तो थर मधोमध असतो म्हणून ती जरा जास्त सोसते. त्यात नवीन लॅपटॉपला डिस्कचा ड्राइव्हच येत नाही, यूएसबीचा वेगळा घ्यावा लागतो, तो अजून मिळतोय तोवर घेऊन ठेवा.

आता करायचं कसं, कारण आप्पांना मुख्य तेच पाहिजे होतं. व्हीसीडीला कुलूप नसतंच, आतल्या एमपीईजीएव्ही फोल्डरमधली मोठी डीएटी फाइल कॉम्प्युटरवर घ्या, व्हीएलसी या प्लेअरमध्ये सरळ चालते. पिक्चर दोन-तीन डिस्कवर असतो, तर फाइलला नाव देतानाच एक-दोन-तीन टाका नाहीतर मध्यंतरानंतरचा भाग आधी बघाल. चित्र तसंही ३५२ बाय २८८ चं, मोठ्या टीव्हीवर धूसरच दिसणार, कोणी "एचडी करून देतो" म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. डीव्हीडीसाठी मेकएमकेव्ही हे सॉफ्टवेअर चांगलं, ते आतला पिक्चर जसाच्या तसा एका फाइलमध्ये काढून देतं, चार ते आठ जीबीची होते. जागा कमी असेल तर मग हँडब्रेक या फाइल लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून एक-दीड जीबीवर आणा, आणि हलत्या सीनमध्ये कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसल्या तर त्यातला डीइंटरलेस हा पर्याय चालू करा, आपल्याकडच्या जुन्या डीव्हीडींना हे बऱ्याचदा लागतं. पेनड्राइव्हचा फॉरमॅट एफएटी३२ असेल तर चार जीबीच्या वरची फाइल घेतच नाही, लोक म्हणतात पेनड्राइव्ह खराब, खराब काही नसतो, त्याचा फॉरमॅट एक्सफॅट करा पण आधी टीव्ही ते वाचतो का बघा. डिस्क अडकत असेल तर साध्या पाण्याने धुवा, मऊ कापडाने मधून बाहेर सरळ पुसा, गोल गोल नाही, तरी अडकली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये टाकून बघा, एकाला न वाचलेली दुसऱ्याला वाचता येते कधीकधी. आणि हार्डडिस्क पण मरते बरं का, कॉपी दोन ठिकाणी ठेवा.

एक मात्र पाळा. डिस्क भंगारात द्यायची किंवा विकायची असेल तर कॉपी पण पुसा, डिस्क गेली की "माझीच आहे" म्हणायला काय उरलं? भाड्याने आणलेली, मित्राकडून मागून आणलेली डिस्क कॉपी करायची नाही. आणि गणपती मंडळात पडदा लावून गावाला दाखवणं हे घरगुती नाही, त्याला वेगळी परवानगी लागते.

हिंदी पिक्चरचं एवढं दुःख नाही, ते आज ना उद्या कुठल्यातरी ओटीटीवर सापडतात. २००७ च्या आसपास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी आणली तेव्हा घराघरात ढीग झाले, त्यातले बरेच आज ऑनलाइन आहेत. पण बसस्टँडवरच्या टपरीवर मिळायच्या त्या अहिराणी गाण्यांच्या, कानबाईच्या (आपल्या खान्देशची देवी) गाण्यांच्या, मालेगावकडच्या खान्देशी कॉमेडीच्या व्हीसीडी, त्या कुठल्या ओटीटीवाल्याने घेतल्यात? त्या दहा-पंधरा हजारांच्या कॅमेऱ्यावर नाहीतर लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडून शूट झालेल्या, मास्टर टेप कुठे गेली ते बनवणाऱ्यालाही माहीत नसेल. तुमच्या-आमच्या कपाटातली डिस्क हीच आता शेवटची. ती घरी कॉपी केली तर टिकेल, नाही केली तर दोन-चार उन्हाळ्यांत जाईल, आणि त्या पत्रवाल्या भाऊंच्या हिशोबाने ती टिकवणारा गुन्हेगार!

त्यामुळे तुमच्या पेपरला एक विनंती. धुळे, जळगाव, नंदुरबारमध्ये ज्यांनी या व्हीसीडी बनवल्या ते कलाकार आणि निर्माते अजून आपल्यातच आहेत, कोणी शेती करतंय कोणी दुकान चालवतंय. त्यांच्यासाठी एक छोटी जाहिरात फुकट छापा, की ज्यांच्या नावावर हक्क आहेत त्यांनी स्वतःच यूट्यूबवर टाकावं, आणि स्वतःची डिस्क हरवली असेल तर लोकांकडून मागून घ्यावी. आप्पांकडे अशा पंचवीस-तीस तरी आहेत, ते द्यायला तयार आहेत. आम्ही दुसऱ्याचं यूट्यूबवर टाकणार नाही, तो हक्क आमचा नाही.

आपला,
एक वाचक, अमळनेर