सूचना : रविवारचं यमकवाचन (वय ३ ते ६)

पालकहो, रविवारी सकाळी १० वाजता, कोथरूडला नेहमीच्या जागी. पुस्तक घरी एकदा मोठ्याने वाचून या. पहिल्या वाचनात मध्येच थांबू नका. ठेका कानात बसलेला नसतो, मुलं गोंधळतात. दुसऱ्या वेळी यमकाच्या शब्दाआधी थांबा, तो त्यांनाच म्हणू द्या. चुकीचा पण जुळणारा शब्द आला तर उत्तमच, दुरुस्त करू नका!

खुळखुळ्यासाठी लहान बाटलीत दोन चमचे मूग, झाकणाला चिकटपट्टीचे दोन वेढे. अर्धी बाटली भरली की आवाज दबतो. सुटे मूग मुलांच्या हाती नकोत, नाकात जातात.

बाहुल्यांसाठी जुन्या लग्नपत्रिका आणा. आइस्क्रीमच्या काड्या अप्पा बळवंत चौकात मिळतील. डिंक थेंबभरच, नाहीतर कागद फुगतो.